गार हात

सरकीचा ढीग बाहेरून अगदी शांत दिसतो. भुरकट, लवदार, हात फिरवावासा वाटेल असा मऊ. पण दाण्यात ओल राहून गेली असेल तर तो ढीग पोटातून तापायला लागतो. एकदा ऊब धरली की ती वाढतच जाते, आणि वर काही कळायच्या आत आतली सरकी करपून काळी पडते. मग ती घाण्यालाही चालत नाही आणि बियाण्यालाही नाही. शेजारी कापसाच्या गंज्या असल्या तर सरकी काढणाऱ्या कारखान्यात, जिनमध्ये, कुणाला झोप लागत नाही.

अकोल्याच्या एका जिनमध्ये माझे बाबा सरकीच्या गोदामावर होते. ढिगात एक सहा फुटी लोखंडी सळई खुपसलेली असे. रात्रभर ती तिथेच राहायची. पहाटे बाबा गोदाम उघडत, बादलीतल्या पाण्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवत, थोडा वेळ तसाच धरत, मग खांद्यावरच्या दुपट्ट्याला कोरडा पुसत. त्यानंतर सळई हळूच ओढायची आणि हाताची मागची बाजू तिच्यावरून टोकापर्यंत न्यायची. कुठल्या हातभर जागेत ऊब आहे, तेवढ्यावरून ढीग किती खोलवर तापला ते त्यांना कळत असे. त्या दिवशी हमालांनी ढीग फोडून सरकी पसरायची की नाही, हे त्यांच्या त्या एका हातावर ठरे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा विचारलं, "बाबा, हात कायले बुडवता?"

ते म्हणाले, "तापल्या हाताले ताप समजत नाही, बाबू."

हे वाक्य मला समजायला पुढची तीस वर्षं आणि परदेशातून आलेलं एक यंत्र लागलं.

मी वीजक्षेत्रात नोकरी केली. टेस्टिंगचं काम. वऱ्हाडात रब्बीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, कृषिपंपांचा लोड चढला की उपकेंद्रांच्या यार्डात आम्ही थर्मोव्हिजन, म्हणजे ऊब पाहणारा कॅमेरा, घेऊन उतरत असू. तारेचा जोड, क्लॅम्प, आयसोलेटरचं पातं यांपैकी काहीही किंचित सैल झालं की तिथला रोध वाढतो, आणि रोध वाढला की ती जागा तापते. विजेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लोड दुप्पट झाला की ताप चौपट. दिवसा डोळ्यांना तो क्लॅम्प इतर सगळ्या क्लॅम्पसारखाच दिसतो. पुढे एके रात्री तो वितळतो आणि चाळीस गावं अंधारात जातात. त्याला आधीच शोधायचं, हे आमचं काम.

पहिल्यांदा मी त्या यंत्रातून पाहिलं ती रात्र अजून आठवते. थंडी होती. पडद्यावर सगळं यार्ड करड्या रंगात, धुक्यात बुडाल्यासारखं उभं होतं. आणि त्यात एका फेजवरचा एकच जोड निखाऱ्यासारखा पांढरा. मी यंत्रावरून मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर वर अंधाराशिवाय काही नव्हतं. परत आत पाहिलं, तो तिथेच जळत होता. मला त्या क्षणी सरकीच्या गोदामाचा वास आला.

त्या काळच्या यंत्रांचं अंग जड होतं. विजेच्या तारा तपासण्यासाठी असा पहिला कॅमेरा स्वीडनच्या एजीए कंपनीनं 1965 च्या सुमारास बाजारात आणला. हीच ती कंपनी, जिचे गुस्ताफ दालेन यांना दीपगृहांच्या आपोआप चालणाऱ्या दिव्यांसाठी 1912 चं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. साठच्या दशकाअखेरच्या एका संचाचं वजन असं सांगतात: कॅमेरा 25 किलो, चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप 20 किलो, तिपाई 15 किलो. शिवाय वीज पुरवायला जनरेटर, आणि दहा लिटर द्रव नायट्रोजनचं भांडं. पुढची यंत्रं हलकी होत गेली, पण नायट्रोजन बरीच वर्षं सुटला नाही.

कारण त्या यंत्राचा डोळा गार असावा लागतो. हा डोळा म्हणजे इंडियम अँटिमोनाइड नावाच्या स्फटिकाचा टाचणीच्या टोकाएवढा कण. समोर प्रिझम गरागरा फिरत राहतात आणि सगळं दृश्य ओळीओळीनं, ठिपक्याठिपक्यानं त्या एका कणावर आणून टाकतात. पण हा कण खोलीच्या तापमानाला असेल तर स्वतःच्याच उष्णतेनं आतून खवळलेला असतो. बाहेरून येणारी ऊब त्या कल्लोळात हरवून जाते. म्हणून त्याला उणे 196 अंशांवर न्यायचं. तो शांत झाला की मग पन्नास फुटांवरच्या क्लॅम्पचा चार अंशांचा फरकही त्याला कळतो.

हे मला प्रशिक्षणात फळ्यावर आकृती काढून शिकवलं गेलं, आणि मी वहीच्या कडेला एक बादली काढली.

हे यंत्र पाहतं त्या अवरक्त किरणांचा शोध ज्यानं लावला त्या विल्यम हर्शेलची हकिगत मी पुढे वाचली. युरेनस शोधणारा हा माणूस 1800 साली सूर्याकडे दुर्बिणीतून पाहायला रंगीत काचा वापरत होता. त्याला जाणवलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला चटका बसतो, काहींतून उजेड भरपूर येतो पण ऊब लागत नाही. मग त्यानं प्रिझमनं ऊन फोडून टेबलावर रंगांचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात काजळी लावलेला थर्मामीटर ठेवून पाहिला. तुलनेसाठी आणखी थर्मामीटर पट्ट्याच्या बाहेर ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा जास्त चढला, हिरव्यापेक्षा लालमध्ये जास्त. शेवटी त्यानं थर्मामीटर लालच्याही पलीकडे सरकवला, जिथे टेबलावर काहीच उजेड नव्हता. पारा तिथे सगळ्यात वर गेला.

या गोष्टीत मला त्या बाहेर ठेवलेल्या थर्मामीटरांचं महत्त्व फार वाटतं. ऊन ज्यांना शिवलं नाही असे ते साक्षीदार नसते, तर चढलेल्या पाऱ्याला अर्थच राहिला नसता. उष्णता मोजायची तर आधी निर्लेप असं काहीतरी हाताशी लागतं.

न दिसणारं पकडण्याची अशीच एक गोष्ट आमच्या वऱ्हाडात घडून गेली आहे, आणि ती आमच्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना धामणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये तळणी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. 22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून चढून देश ओलांडत वऱ्हाडातून गेली. त्या वेळी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणीला मुक्कामाला होती. तीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या, आणि जॉन एव्हरशेड होते. अ‍ॅनीबाईंनी आपल्या छोट्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलाचा एक झोत टिपला. तो सूर्यापासून काही दशलक्ष मैल लांब पसरलेला होता, आणि इतका लांब झोत तोवर कुणाच्याही फोटोत आलेला नव्हता. एव्हरशेड यांनी वर्णपट घेतले आणि जांभळ्याच्या पलीकडे, डोळ्याला न दिसणाऱ्या भागात, हायड्रोजनचा सलग प्रकाश पकडला. पुढे हेच एव्हरशेड कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि सूर्यडागांतल्या वायूच्या प्रवाहाच्या शोधाला त्यांचं नाव मिळालं.

मी तळणीला मुद्दाम गेलो, जानेवारीतच. रुळाच्या दोन्ही अंगांना तूर काढणीला आलेली, मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे. मी दुपारी बाराच्या उन्हात उभा राहिलो आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. त्या सूर्याभोवती आत्ताही तेच प्रभामंडल होतं. रोजच असतं. पण ते नुसत्या डोळ्यांना दिसावं म्हणून चंद्रानं मध्ये येऊन तो दाह झाकावा लागतो, आणि त्या वर्षी तो झाकला गेला जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी माणसं सातासमुद्रापलीकडून या शेतांत येऊन राहिली होती.

तळणीनंतर दोनच वर्षांनी, 28 मे 1900 च्या ग्रहणात, अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांच्या तुकडीनं त्याच प्रभामंडलाची ऊब मोजायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांच्याकडे बोलोमीटर होता, लँग्लींनी 1880 च्या सुमारास बनवलेला. काजळी दिलेली प्लॅटिनमची केसासारखी पट्टी; तिच्यावर उष्णता पडली की तिचा विद्युत रोध बदलतो. पाव मैलावरच्या गाईची ऊबही त्याला लागते, अशी त्याची ख्याती होती. प्रभामंडलाची ऊब मात्र त्याला अगदी थोडी लागली. आज आपल्याला माहीत आहे की प्रभामंडलाचं तापमान दहा लाख अंशांच्या वर असतं. पण ते इतकं विरळ आहे की एवढ्या तापमानालाही त्याच्याजवळ देण्यासारखी उष्णता फारच थोडी. तापमान आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे नीट उमगलं. बाबा सळईवर हात फिरवत तेव्हा ते ऊब पाहत होते. ढीग किती तापला यापेक्षा त्याच्यापाशी अजून किती ताप शिल्लक आहे, हा त्यांचा प्रश्न असे.

निवृत्त झाल्यावर मी ही जुनी यंत्रं जमवू लागलो. सुरुवात एका भंगाराच्या दुकानात झाली. तागाच्या पोत्यावर एक करडी पेटी पडलेली होती, बाजूला तिचा मॉनिटर, आणि पेटीच्या तोंडाशी जर्मेनियमचं गोल भिंग. जर्मेनियम आपल्या डोळ्यांना आरपार दिसत नाही. ते काळपट आरशासारखं चमकतं. उजेड अडवतं आणि ऊब आत सोडतं. दुकानदार भिंग काढून वेगळं विकणार होता, कारण भाव त्यालाच होता. मी सगळं एकत्र घेतलं. ते एजीएचं 780 मालिकेतलं यंत्र होतं, आमच्या यार्डातल्या यंत्राचं सख्खं भावंड.

जगभर अशी यंत्रं जपणारी माणसं आहेत. कुणाकडे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकून टाकलेल्या, रात्री पाहणाऱ्या बंदुकीच्या दुर्बिणी असतात. त्या स्वतःच अवरक्त दिवा पाजळून त्याचा परतलेला प्रकाश पाहतात, म्हणून त्यांना ऊब दिसत नाही. कुणाकडे सत्तरच्या दशकातला ह्यूजेस कंपनीचा प्रोबआय असतो. त्यात नायट्रोजनऐवजी दाबाखालचा आरगॉन वायू सोडून डोळा गार करतात आणि चित्र लाल ठिपक्यांत उमटतं. या यंत्रांना हात लावताना जपावं लागतं. जुन्या भिंगांवर कधी थोरियमचा लेप असतो, तो किरणोत्सर्गी आहे. म्हणून भिंग घासायचं नाही, ओरखडा पाडायचा नाही. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे डोळ्याभोवतीची निर्वात कुपी. वर्षानुवर्षांत तिच्या धातूतून आणि काचेतून वायू झिरपत राहतो आणि निर्वात मरतं. नायट्रोजन ओतल्यावर कुपीला बाहेरून दव सुटलं की समजायचं, हा डोळा आता गार राहू शकणार नाही. माझ्या यंत्राच्या कुपीत मी पहिल्यांदा नायट्रोजन ओतला तेव्हा मी टॉर्च घेऊन अर्धा तास तिच्या अंगाकडे पाहत बसलो होतो. ती कोरडी राहिली.

नायट्रोजन मला माझा एक पशुवैद्यक मित्र विकत मिळवून देतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रांच्या कांड्या त्यातच ठेवतात, म्हणून आमच्याकडे तो गावोगाव फिरतो.

आता मोबाइलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे मिळतात. त्यांना नायट्रोजन लागत नाही. आत हजारो अतिसूक्ष्म पापुद्रे असतात, ऊब पडली की त्यांचा रोध बदलतो. म्हणजे लँग्लींचाच बोलोमीटर, नखावर मावेल एवढ्या जागेत हजारो वेळा मांडलेला. रुईच्या नळ्यांतून ठिणगी जाताना पकडणारी अवरक्त यंत्रंही आता मिळतात. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात खडा किंवा खिळा आला की ठिणगी उडते. ती गाठीत दाबली गेली तर ती गाठ आतून कितीतरी दिवस धुमसत राहते आणि कधी आगगाडीत, कधी जहाजात पेट घेते. असं यंत्र बाबांच्या काळात असतं तर त्यांच्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या. मला नव्याचं कौतुकच आहे. जुनं यंत्र मी जपतो ते त्याच्यात पाहण्याआधीची तयारी उघड दिसते म्हणून. ओतायचं, थांबायचं, उकळी शांत होऊ द्यायची, मग पाहायचं.

गेल्या मे महिन्यात एका रात्री मी ते गच्चीवर मांडलं. अकोल्याचा मे. दिवसा पारा 45 च्या आसपास होता, आणि रात्री साडेआठलाही भिंतीला टेकवत नव्हतं. छोट्या नरसाळ्यातून नायट्रोजन ओतला. तो सुसाट उकळला, तोंडाशी पांढरं धुकं आलं आणि माझ्या पायांवरून गच्चीत सांडलं. हळूहळू उकळी मंदावली. प्रिझम फिरायला लागले, घरघर सुरू झाली, आणि पडद्यावर घर उमटलं.

भिंत पांढरी होती. दिवसभर प्यालेलं ऊन ती परत देत होती. शेजारचा कडूनिंब तिच्यापुढे करडा, शांत. आणि कोपऱ्यात तिवईवर ठेवलेला माठ इतका काळा की चित्राला तिथे भोक पडल्यासारखं वाटावं. पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं, जाताना माठाची ऊब घेऊन जातं. शेतातलं पीकही असंच करतं. ज्या रोपाला मुळाशी पाणी आहे ते पानांतून वाफ सोडून स्वतःला गार ठेवतं. तहानलेल्याची पानं तापतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शास्त्रज्ञ हातातला अवरक्त थर्मामीटर कपाशीवर आणि गव्हावर धरून पिकाची तहान मोजू लागले होते, पान कोमेजण्याच्या आधीच.

माझी बायको वर आली आणि भिंतीशी उभी राहिली. मी तिला पडदा दाखवायला तो तिच्याकडे फिरवला.

"अवो, मी त दिसतच नाही याच्यात!"

खरंच दिसत नव्हती. माणसाची कातडी अशा रात्री चौतीस-पस्तीस अंशांवर असते, आणि भिंतही तेवढीच होती. ऊब उबेत मिसळून गेली होती. तिची नुकतीच धुतलेली ओली वेणी मात्र काळ्या रेघेसारखी हवेत लटकत होती. मी तिला माठाशी जायला सांगितलं. तिनं तांब्याभर पाणी हातांवर घेतलं, तोंडावरून फिरवलं, आणि परत भिंतीशी आली. आता पडद्यावर एक चेहरा आणि दोन हात होते, काळे, स्पष्ट, बोटं मोजता यावीत असे.

त्या रात्री मी बाबांची सळई वर आणली. जिन बंद झाली तेव्हा ती त्यांनी घरी आणली होती आणि पुढे ती माझ्याकडे आली. माझ्या संग्रहातलं ते सगळ्यात जुनं उपकरण. मी तिला दरवर्षी तेलाचा हात देतो. रात्रभर गच्चीवर आडवी ठेवली, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ती एकाच तापमानाला आली, आणि पहाटे उरलेल्या नायट्रोजनवर यंत्र पुन्हा चालू केलं.

सळई सारखीच गार असून सारखी दिसत नव्हती. खडबडीत, गंजानं तांबूस झालेला भाग पडद्यावर करडा होता. मध्ये हात-दीड हात लांबीचा पट्टा मात्र काळाभोर होता. मला क्षणभर वाटलं काहीतरी बिघडलं. मग लक्षात आलं. हा धडा मी यार्डात चूक करून शिकलो होतो. नवा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प मला थंड दिसला म्हणून मी पुढे गेलो होतो, आणि तो थंड नव्हता. चकाकणारा धातू आपली ऊब सहजासहजी बाहेर सोडत नाही. तो समोरच्या आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. काजळी, गंज, माती, कातडी ही खरी ऊब सांगतात. एडिंबराच्या जॉन लेस्लींनी 1804 साली उकळत्या पाण्याच्या चौकोनी डब्याची एक बाजू काळी आणि एक चकचकीत ठेवून हेच दाखवलं होतं. आतलं पाणी तेच, पण काळी बाजू कितीतरी जास्त ऊब देते.

म्हणजे सळईचा तो पट्टा चकचकीत होता. मी टॉर्च मारली. तिथे गंज धरलेला नव्हता, लोखंड गुळगुळीत होऊन मऊ चमकत होतं. सव्वीस वर्षं, दर पहाटे, एक हात नेमक्या त्याच जागेवरून फिरला होता.

वर उघडं आकाश होतं, आणि त्या पट्ट्यात त्याचाच गारवा दिसत होता. मी खाली बसलो. माठातलं पाणी ओंजळीत घेऊन हात मनगटापर्यंत ओले केले, थोडा वेळ थांबलो, दुपट्ट्याला पुसले. आणि मग हाताची मागची बाजू त्या काळ्या जागेवर ठेवली.